वहीतलं स्केच ते स्वच्छ डायग्राम: कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, सगळीकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कधी डिप्लोमाची मुलं विचारतात, कधी रबाळे-महापेच्या कंपनीतले मेंटेनन्सवाले, कधी सोसायटीचे सेक्रेटरी. प्रत्येकाला वेगळं व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि पुढे चला.

वहीतल्या फ्लोचार्टचा फोटो काढला की सॉफ्टवेअर आपोआप स्वच्छ करून देतं ना?

थोडं देतं, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. इथे तीन वेगळी कामं एकाच नावाने विकली जातात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं काम ट्रेसिंग, म्हणजे फोटोतल्या काळ्या रेघा घेऊन त्यांचे व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेघा-वळणांचे आकार) करायचे, जेणेकरून कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. दुसरं काम शेप ओळखणं, तुम्ही स्क्रीनवर वाकडातिकडा चौकोन काढता आणि तो सरळ होतो. तिसरं काम डायग्राम समजणं, म्हणजे हा बाण या चौकोनातून निघून त्या चौकोनात जातो हे सॉफ्टवेअरला माहीत असणं. लोकांना हवं असतं तिसरं, डाउनलोड करतात पहिलं, आणि मग म्हणतात सॉफ्टवेअर बकवास आहे.

माझी एकच टेस्ट आहे आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरला लावा: एक बॉक्स उचलून दुसरीकडे ठेवा, बाण सोबत आला का? आला तर तो डायग्राम. नाही आला तर ते नुसतं छान दिसणारं चित्र आहे, आणि साहेबांनी "मध्ये अजून एक स्टेप टाका" म्हटलं की तुम्ही परत शून्यावर.

जास्त वाचायला वेळ नाही, एक नाव सांगा.

ड्रॉ डॉट आयओ. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिन मागत नाही, आणि डेस्कटॉप अ‍ॅप घेतलं तर नेट नसतानाही चालतं. दिसायला जरा सरकारी आहे, पण कामाचं आहे. आता हे स्वतःहून तुमचा फोटो वाचत नाही, तो भाग पुढच्या उत्तरात.

मग फोटोवरून ड्रॉ डॉट आयओमध्ये कसं आणायचं?

फोटो खाली ठेवायचा आणि वरून काढायचं. ऐकायला मागासलेलं वाटतं, पण पंधरा-वीस बॉक्सच्या फ्लोचार्टला हाच सगळ्यात कमी डोकेदुखीचा रस्ता आहे. फोटो ओढून पानावर टाका, उजवीकडच्या स्टाइल पॅनलमध्ये ओपॅसिटी तीस-चाळीस टक्क्यांवर आणा म्हणजे तो फिका होतो, मग व्ह्यू मेनूतून लेयर्स (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) उघडून फोटोचा लेयर लॉक करा, नाहीतर प्रत्येक क्लिकला बॉक्सऐवजी फोटोच सरकतो आणि वैताग येतो. मग नवीन लेयर घेऊन त्यावर बॉक्स ठेवत जा. शेवटी फोटोचा लेयर डिलीट केला की खाली स्वच्छ डायग्राम उरतो.

बाण जोडताना एक गोष्ट नीट बघा. बाणाचं टोक बॉक्सजवळ नेल्यावर बॉक्सची पूर्ण कड निळी झाली तर बाण त्या बॉक्सला चिकटतो आणि बॉक्स हलवला की सोयीच्या बाजूला आपोआप सरकतो. कडेवरचा एखादा ठिपका हिरवा झाला तर बाण त्याच ठिपक्याला कायमचा बांधला जातो. काहीच रंग आला नाही म्हणजे बाण हवेत आहे, दिसताना जोडलेला दिसेल पण जोडलेला नाही. मला येणाऱ्या निम्म्या फाइल्समध्ये हाच प्रकार असतो, प्रिंटमध्ये ठीक दिसतं आणि एक बॉक्स हलवला की सगळे बाण जागच्या जागी लटकत राहतात.

इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप आहे, ते का नको?

नको असं नाही, कशासाठी हवंय ते सांगा. इंकस्केप हे व्हेक्टर चित्रं काढायचं उत्तम सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि ओपन सोर्स, 2003 पासून चालू आहे, आणि त्यातलं ट्रेसिंग पोट्रेस नावाच्या इंजिनवर चालतं. हे इंजिन काळ्या भागाची बाहेरची कड शोधतं. म्हणजे पेनाने काढलेली एक रेघ त्याच्या दृष्टीने रेघच नसते, तो एक लांबट काळा तुकडा असतो ज्याला दोन कडा आहेत. त्यामुळे ट्रेस केल्यावर तुम्ही रेघेची जाडी बदलायला जाता आणि भलतंच काहीतरी होतं. चौकोन म्हणजे चौकोन राहत नाही, आत एक बाहेर एक अशी दोन वेडीवाकडी कुंपणं होतात. 2020 मध्ये आलेल्या 1.0 व्हर्जनपासून त्यात सेंटरलाइन ट्रेसिंगचा पर्याय आहे, तो रेघेच्या मधून एकच रेघ काढायचा प्रयत्न करतो, पण दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे गाठी होतात आणि त्या हाताने सोडवाव्या लागतात.

पण पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी कुणी कागदावर रांगोळीचं डिझाइन काढलंय आणि त्याचा बॅनर करायचाय, किंवा मंडळाचा लोगो हाताने रेखाटलाय, तर ट्रेसिंगच पाहिजे. तिथे हाताचा वळसा टिकायला हवा असतो, सरळ करायचा नसतो. कोरल ड्रॉमधलं पॉवर ट्रेस, इलस्ट्रेटरमधलं इमेज ट्रेस, सगळी याच जातीची.

ट्रेस करणार असाल तर कागद कोरा घ्या, रेघांची वही नको, कारण वहीच्या निळ्या रेघाही ट्रेस होतात. काळं जेल पेन किंवा स्केच पेन, पेन्सिल नको. फोटो खिडकीजवळ दिवसा काढा, ट्यूबलाइटखाली उभं राहून काढला की तुमच्याच डोक्याची सावली कागदावर पडते आणि कागदाचा अर्धा भाग काळा ढग होऊन येतो. इंकस्केपच्या ट्रेसमध्ये ब्राइटनेस कटऑफ (किती गडदपर्यंत काळं धरायचं ते) खालीवर करून बघा, आणि स्पेकल्सचा पर्याय चालू ठेवा म्हणजे बारीक ठिपके गळून जातात.

आयपॅड किंवा सॅमसंगच्या टॅबवर रेघ धरून ठेवली की सरळ होते, ते चांगलं का?

मस्त आहे, पण ते दुसऱ्या नंबरचं काम. अ‍ॅपलच्या नोट्समध्ये 2020 पासून आहे, गोल काढून पेन उचलायच्या आधी क्षणभर थांबलं की गोल नीट होतो. सॅमसंग नोट्समध्येही तसंच. पॉवरपॉइंटच्या ड्रॉ टॅबमध्ये इंक टू शेप आहे, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट असतंच, त्यामुळे बऱ्याच जणांना वेगळं काही घ्यायचीही गरज पडत नाही. फक्त शेप झाल्यावर वरची टेस्ट लावा. बाण चिकटलेला नसेल तर इन्सर्टच्या शेप्समधून कनेक्टर घ्या आणि टोकं चौकोनाच्या ठिपक्यांवर नेऊन सोडा.

नेबो नावाचं अ‍ॅप यात एक पाऊल पुढे आहे, ते बॉक्स, बाण आणि आतलं हस्ताक्षर तिन्ही ओळखायला बघतं. इंग्रजीत ठीक. मराठी मजकूर मात्र टाइपच करा, जोडाक्षरांच्या भानगडीत वेळ घालवू नका.

स्क्रीनवर काढलेलं पटकन ओळखतं, मग फोटोतलं का नाही ओळखत?

चांगला प्रश्न आहे आणि फार कमी लोक विचारतात. स्क्रीनवर काढताना सॉफ्टवेअरला तुमच्या हाताची हालचाल दिसते, रेघ कुठून सुरू झाली, कुठल्या क्रमाने वळली, कुठे पेन उचललं. मग ते त्या रेघेवर ठरावीक अंतरावर ठिपके पाडतं आणि आपल्याकडच्या नमुन्याच्या चौकोनाशी, गोलाशी ताडून बघतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी यासाठी इतकी साधी पद्धत दाखवली की तिचा कोड साधारण शंभर ओळींत बसतो, त्यामुळे स्वस्त टॅबवरही हे जमतं. फोटोत यातलं काहीच नसतं. नुसते काळे-पांढरे ठिपके. दोन रेघा एकमेकींना भिडल्यात की एकच रेघ वळलीय हे फोटोवरून अंदाजाने ठरवावं लागतं.

तसं हे वेड जुनंच आहे हं. इव्हान सदरलँडने 1963 मध्ये एमआयटीत स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला होता, स्क्रीनवर लाइट पेनने रेघा मारायच्या आणि कॉम्प्युटरला सांगायचं की या दोन रेघा समांतर कर, या काटकोनात आण. आणि त्यातही एक टोक हलवलं की जोडलेलं बाकीचं सोबत यायचं. आजची काही अ‍ॅप्स एवढंही करत नाहीत.

एआयला फोटो दिला तर?

आता हेच सगळे करतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्यापैकी चालतं. फोटो टाकायचा आणि म्हणायचं की याचा मर्मेड कोड दे. मर्मेड म्हणजे मजकुरातून डायग्राम बनवायची पद्धत, ओळीओळीने लिहायचं की या बॉक्सकडून त्या बॉक्सकडे बाण, चित्र ते स्वतः मांडतं. तो कोड ड्रॉ डॉट आयओमध्ये इन्सर्ट मेनूतून मर्मेड निवडून पेस्ट करा, इमेज म्हणून नको, डायग्राम म्हणून घ्या, म्हणजे बॉक्स सुटे येतात आणि हलवता येतात.

पण तपासणी तुमची. एक नेहमीचा नमुना सांगतो. स्टोअरच्या माणसाने मागणी भरली, मॅनेजरकडे गेली, तिथे डायमंड, मंजूर का? "हो" असेल तर खाली पर्चेसकडे. "नाही" असेल तर बाण डावीकडून वर वळून परत स्टोअरकडे, आणि तो बाण काढताना जागा कमी पडली म्हणून माणसाने तो वहीच्या कडेकडेने नेलेला. एआयने बॉक्स सगळे बरोबर वाचले, स्पेलिंगसुद्धा सुधारलं, आणि "नाही"चा बाण स्टोअरऐवजी सरळ शेवटच्या बॉक्सला जोडून दिला. बघायला डायग्राम एकदम टकाटक, आणि अर्थ असा की नामंजूर झालं की मागणी संपली, पुन्हा दुरुस्त करून पाठवायची सोयच नाही. म्हणून बॉक्सचा मजकूर वाचत बसू नका, बाण मोजा. कागदावर किती, स्क्रीनवर किती, आणि प्रत्येक डायमंडमधून किमान दोन बाण निघतात का, दोन्हींवर हो-नाही लिहिलंय का.

अजून दोन बारीक गोष्टी. मर्मेडमध्ये मराठी मजकूर अवतरण चिन्हांत ठेवायला सांगा. आणि फ्लोचार्टमधल्या बॉक्सला इंग्रजीत स्मॉल अक्षरांत नुसतं एंड असं लिहिलं तर पूर्ण डायग्राम मोडतो, कारण तो शब्द मर्मेडने स्वतःसाठी राखून ठेवलाय. पहिलं अक्षर कॅपिटल करा किंवा सरळ "समाप्त" लिहा.

कंपनीचं ड्रॉइंग एआयमध्ये टाकलेलं चालेल का?

आधी कंपनीला विचारा. प्लांटचं ड्रॉइंग, सर्व्हर रूमचं नेटवर्क, ग्राहकाचा प्रोसेस, हे तुमचं नसतं. "फक्त फोटोच तर आहे" हे आयटीवाल्यांना सांगून बघा. अशा कामाला ड्रॉ डॉट आयओचं डेस्कटॉप अ‍ॅप आणि वर सांगितलेली फिक्या फोटोची पद्धत, फाइल तुमच्याच मशीनवर राहते. सोसायटीच्या पार्किंग प्लॅनवर फ्लॅट नंबरासोबत नावं-मोबाईल लिहिलेले असतील तर फोटो काढायच्या आधी ते झाका.

व्हिजिओ लागतंच का? आमच्याकडे क्लायंट व्हिजिओ फाइल मागतो.

व्हिजिओ म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डायग्रामचं सॉफ्टवेअर. क्लायंटने करारात ते लिहिलंय तर लागतं, वाद घालू नका. ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट 365 बिझनेस सबस्क्रिप्शन असेल तर वेबवरचं साधं व्हिजिओ त्यात येतं, आधी ते उघडून बघा, बऱ्याच ऑफिसांत ते पडून असतं आणि लोक वेगळं लायसन्स मागत असतात. समोरून आलेली व्हिजिओ फाइल नुसती उघडून बघायची असेल तर ड्रॉ डॉट आयओ ती उघडतं.

मी इलेक्ट्रिकलवाला आहे, सिंगल लाइन डायग्राम (वीजपुरवठा एकेका रेघेने दाखवणारा) काढायचाय.

मग साध्या फ्लोचार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन काढून आत ट्रान्सफॉर्मर लिहू नका, इन्स्पेक्शनला आलेला माणूस तोंडावर हसेल. ड्रॉ डॉट आयओमध्ये डावीकडे खाली मोअर शेप्स आहे, तिथून इलेक्ट्रिकलचे शेप चालू होतात आणि छोट्या कामाला पुरतात. पॅनेलचं खरंखुरं वायरिंग, टर्मिनल नंबर वगैरे असेल तर क्यूइलेक्ट्रोटेक बघा, फुकट आहे आणि त्यात सिम्बॉल मोठ्या प्रमाणात तयार आहेत. सर्किट बोर्ड असेल तर किकॅड.

ठाणे-बेलापूर रोडच्या केमिकलवाल्यांचे पी अँड आयडी, म्हणजे प्लांटचे पाइप, व्हॉल्व्ह आणि उपकरणं दाखवणारे डायग्रामसुद्धा बरेच येतात. त्याचेही शेप ड्रॉ डॉट आयओच्या प्रोसेस इंजिनिअरिंगमध्ये आहेत, पण व्हॉल्व्हचा टॅग नंबर डायग्रामवर एक आणि प्लांटमध्ये दुसरा असं झालं तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. कागद घेऊन लाइनवर चालत जाऊनच टॅग भरा.

सोसायटीचा पार्किंग प्लॅन वहीत काढलाय, तो स्वच्छ करायचाय. चालेल का यात?

नोटीस बोर्डावर लावायला, कोणाची गाडी कुठे एवढंच दाखवायला, चालेल, फ्लोअरप्लॅनचे शेप आहेत. मापं दाखवायची असतील तर नाही. हातच्या स्केचला स्केल नसतं आणि मोबाईलचा फोटो वरून थोडा तिरका असतो, त्यामुळे कागदाचा लांबचा भाग आखडलेला येतो. ट्रेस केलेल्या रेघा स्वच्छ दिसतात म्हणून त्या मापाने बरोबर आहेत असा लोकांचा समज होतो आणि मग मीटिंगमध्ये दोन खांबांमधल्या जागेवरून भांडणं.

मापाचं काम असेल तर ऑटोकॅड किंवा फुकटातलं लिब्रेकॅड. फोटो आत घ्या, टेपने मोजलेलं एक लांबडं माप घ्या, समजा गेटपासून लिफ्टपर्यंत, त्यावरून फोटो स्केल करा, मग दुसरं एक माप आडव्या दिशेत तपासा. दुसरं जुळलं नाही तर फोटो तिरका आहे, नवीन काढा. आणि रेघा मापाने टाका, फोटो फक्त कुठे काय आहे हे आठवायला.

डिप्लोमाच्या प्रोजेक्ट रिपोर्टला कुठले शेप वापरायचे? सर मार्क कापतात.

सुरुवात-शेवट लंबगोल, इनपुट-आउटपुट समांतरभुज चौकोन, काम साधा आयत, निर्णय डायमंड. हे आयएसओ 5807 या 1985 च्या स्टँडर्डमध्ये ठरलेलं आहे आणि सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लोचार्ट नावाखाली मिळतं. रंग नका देऊ, झेरॉक्समध्ये राखाडी होतात. आणि एका ए-फोर पानावर मावत नसेल तर अक्षर बारीक करू नका, दोन भाग करा आणि गोल कनेक्टरमध्ये ए, बी असं लिहून जोडा.

एक्सकॅलिड्रॉ कसं आहे?

गोड आहे, पण हे डायग्रामचं सॉफ्टवेअर सगळं मुद्दाम हाताने काढल्यासारखं दाखवतं, म्हणजे तुम्हाला हवंय त्याच्या उलट. मीटिंगमध्ये पटकन विचार मांडायला मी तेच वापरतो. तिथल्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये मराठी येत नाही, देवनागरी साध्याच फॉन्टमध्ये दिसते आणि पानावर दोन वेगळी माणसं लिहितायत असं वाटतं.

ग्राफिक टॅब्लेट घ्यावा का?

डायग्रामसाठी? नको. माउस बास. ठाणे-वाशी ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली तर मोबाईलवर बोटानेसुद्धा कच्चं काढता येतं, पक्कं घरी.

मराठी अक्षरं फुटतात, चौकोन येतात, काय करू?

तीन वेगवेगळे आजार आहेत, लक्षण सारखंच दिसतं.

एक, मजकूर जुन्या नॉन-युनिकोड (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडमध्ये नसलेल्या) फॉन्टमध्ये आहे, श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जमान्यातला. तो कॉपी करून ड्रॉ डॉट आयओत टाकला की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तो आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा किंवा पुन्हा टाइप करा, फॉन्ट बदलत बसून उपयोग नाही.

दोन, युनिकोडच आहे पण दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नाही, मग तिथलं सॉफ्टवेअर मिळेल तो फॉन्ट लावतं आणि अक्षरं बॉक्सच्या बाहेर येतात. म्हणून सगळ्यांकडे मिळेल असा फॉन्ट घ्या. Mukta किंवा Noto Sans Devanagari, दोन्ही फुकट. ड्रॉ डॉट आयओत फॉन्टच्या यादीत कस्टम निवडून गुगल फॉन्टचं नाव टाकता येतं. बॉक्स मराठीत थोडे उंच ठेवा, वेलांटी आणि उकाराला वरखाली जागा लागते.

तीन, ड्रॉ डॉट आयओतून एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची फाइल) काढून इंकस्केपमध्ये उघडलं आणि अक्षरांच्या जागी इंग्रजीत "टेक्स्ट इज नॉट एसव्हीजी" अशा अर्थाची ओळ आली. याचा मराठीशी संबंधच नाही. ड्रॉ डॉट आयओ बॉक्समधला मजकूर वेबपानासारखा ठेवतं आणि इंकस्केपला तो कळत नाही. सगळं सिलेक्ट करून टेक्स्ट पॅनलमधलं वर्ड रॅप आणि फॉरमॅटेड टेक्स्ट दोन्हीची टिक काढा, मग एक्सपोर्ट करा. वर्ड रॅप गेल्यावर लांब ओळी बॉक्सबाहेर जातील, त्या हाताने एंटर मारून तोडा.

फाइल ग्रुपवर टाकली होती, आता एडिट करायचीय आणि मूळ फाइल सापडत नाही.

पीएनजी काढताना "डायग्रामची कॉपी सोबत ठेवा" या पर्यायाला टिक केली असेल तर वाचलात, तो पीएनजीच ड्रॉ डॉट आयओत उघडा, बॉक्स-बाण सगळे जिवंत येतात. फक्त तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला नसावा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि आत लपलेला डायग्राम उडून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला असेल तर शाबूत असतो, ग्रुपच्या मीडियात डॉक्सच्या टॅबमध्ये शोधा.

प्रिंटवाल्याला काय द्यायचं?

पीडीएफ. तो कोरलवर काम करत असेल आणि त्याला फाइल उघडून काही हलवायचं असेल तर इंकस्केपमध्ये एक वेगळी कॉपी करून त्यात ऑब्जेक्ट टू पाथ करा, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि त्याच्याकडे फॉन्ट नसला तरी फुटत नाहीत. त्या कॉपीत शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा आणि पाथ करायच्या आधी घरातल्या कुणाला तरी एकदा वाचायला द्या. मोठा फ्लेक्स असेल तर पीएनजी देऊच नका. बारीक डायग्राम ए-थ्रीवर काढायचा असेल तर आधी ए-फोरवर झेरॉक्स काढून हातभर अंतरावरून वाचता येतो का बघा, नाही आलं तर अक्षर वाढवा, मगच पैसे द्या.